छाट कोणाच्या माथी?

बदलत्या काळात संस्थांचे नेतृत्व कसे करावे, या विषयावरील व्याख्यानांचा व शिबिरांचा हल्ली जो सुकाळ झाला आहे, त्यातून आमचे गोंदियाही सुटलेले नाही. राइस मिलचे मालक, पतसंस्थांचे संचालक, महाविद्यालयांचे प्राचार्य आणि सरकारी कचेऱ्यांतील अंमलदार यांना एकत्र बसवून सांगितले जाते की, बदल अटळ आहे, मनुष्यस्वभाव बदलाला भितो, आणि म्हणून हाताखालच्या माणसांच्या मनातील विरोध हळूहळू विरघळविणे हेच पुढाऱ्याचे मुख्य कर्तव्य होय. या उपदेशातील पहिले विधान खरे, दुसरे अर्धेमुर्धे खरे आणि तिसरे निव्वळ सोयीचे आहे. कारण विरोधाचे मूळ मनात आहे असे एकदा ठरविले, म्हणजे ते हिशेबाच्या वहीत शोधण्याची तसदी कोणाला घ्यावी लागत नाही.

या विचाराची वंशावळ वाचकांना ठाऊक आहे. टेलरने १९११ साली कामाची अक्कल कामगाराच्या हातून काढून अभियंत्याच्या कागदावर नेली; मेयोने कामगारालाही भावना असतात हे मालकवर्गाला पटविले; शुम्पेटरने १९४२ साली जुन्याच्या विध्वंसातच भांडवलशाहीचा प्राण पाहिला; आणि १९९६ साली कोटरने या साऱ्या मंथनाला आठ पायऱ्यांचे सुटसुटीत रूप दिले. यांपैकी कोणापाशीही रेंगाळण्याचे कारण नाही. घटकाभर थांबायचे ते व्हर्जिनियातील हारवुड कंपनीच्या पायजमे शिवण्याच्या कारखान्यात. तेथील प्रयोग कॉख आणि फ्रेंच या दोघांनी १९४८ साली प्रसिद्ध केला. ज्या गटाला कामातील बदल नुसता कळविण्यात आला, त्यातील शेकडा १७ कामगार पहिल्या ४० दिवसांतच नोकरी सोडून गेले. ज्या गटांना नव्या कामाची रीत बसविण्यात भाग मिळाला, त्यांतून कोणीही गेले नाही आणि त्यांचे उत्पादन पूर्वीच्याही वर चढले. यावरून पुढच्या पंडितांनी, विश्वासात घेतले की माणसे ऐकतात, एवढाच बोध घेतला. तेथील मजुरी नगावर मिळत असल्यामुळे काम बदलणे म्हणजे हातचा वेग आणि त्याबरोबर पदरचे पैसे गमावणे होते, ही गोष्ट मात्र ते सहज विसरले.

त्याच काळात आमच्याकडे जे घडले, त्याचा अर्थ तर जवळजवळ सर्वांनीच उलटा लावला आहे. मुंबई-हावडा लोहमार्गावरचे जंक्शन, सभोवार तेंदूपत्त्याचे जंगल, रेल्वेने येणारी तंबाखू आणि धानाचा हंगाम सरला की रिकामे होणारे हात, या चौकडीवर गोंदियाचा बीडीउद्योग उभा राहिला. आज त्याची उतरती कळा पाहून कोणी म्हणतो, कामगार काळाबरोबर बदलले नाहीत. कोणी म्हणतो, कायद्यांनी धंद्याचा गळा घोटला. आणि घरोघर सूप मांडीवर घेऊन बीडी वळणाऱ्या बाया पाहिल्या की, हा तर परंपरागत गृहोद्योग, असा कौतुकाचा शेराही मारला जातो. घरी बीडी वळणे पूर्वीही होते हे मला मान्य आहे. तथापि त्या पद्धतीला कायमचे रूप आले ते परंपरेमुळे नव्हे. ती एक विचारपूर्वक केलेली पुनर्रचना होती, आणि आजच्या शिबिरांत जिला बदलाचे कुशल नेतृत्व म्हणतात, तिचे सर्व गुण तिच्यात होते.

१९४८ च्या कारखाना कायद्याने कामाचे तास, रजा आणि जागेची स्वच्छता यांची जबाबदारी मालकावर टाकली. एका छताखाली पुरेशी माणसे असली तरच तो कायदा लागू होई. तेव्हा छतच मोडले की कायदाही टळे. पाने, तंबाखू आणि सूत सट्टेदाराच्या हवाली करावे, त्याने ते घरोघर वाटावे, वळलेल्या बीड्या गोळा कराव्या आणि हजारी दराने मजुरी चुकती करावी, अशी व्यवस्था ठिकठिकाणी पसरली. मालक मोठे कारखाने मोडून लहान घटक करतात व कायद्यातून निसटतात, हे माझे अनुमान नव्हे. १९६६ च्या बीडी व सिगार कामगार कायद्याच्या उद्देशपत्रिकेतच तसे नमूद आहे. चिंतामणराव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली सट्टेदार हा स्वतंत्र कंत्राटदार आणि त्याची माणसे ही कारखानदाराचे कामगार नव्हेत, असा निर्णय दिला, तेव्हा या रचनेला न्यायाची मोहोरही मिळाली.

येथे एक विलक्षण योगायोग दिसतो. १९५६ साली औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ घालून संसदेने ठरविले होते की, सेवाशर्तींत विवक्षित बदल करण्यापूर्वी मालकाने कामगारांना २१ दिवसांची सूचना द्यावी. हारवुडच्या प्रयोगातील तत्त्वाचा काही अंश अशा रीतीने आपल्या कायद्यात उतरला. परंतु ज्याच्या हजेरीपटावर माणूसच उरला नाही, त्याने सूचना द्यायची कोणाला? ज्यांच्या आयुष्यात सर्वांत मोठा बदल होणार होता, नेमकी तीच माणसे बदलाच्या कायद्याबाहेर राहिली.

राहता राहिला प्रश्न छाटीचा. वळलेल्या बीड्यांतून सट्टेदार किंवा मुनीम वाईट म्हणून ज्या बाजूला काढी, ती छाट. तिची मजुरी मिळत नसे, आणि निवाडा करणारा व त्या निवाड्याने लाभणारा हे दोघे एकाच पक्षाचे असत. १९५८ साली मुंबई सरकारने विदर्भातील बीडीकामासाठी किमान वेतनाची अधिसूचना काढली, तीत दरांबरोबरच छाटीच्या वादासंबंधीही नियम घातले. याविरुद्ध गोंदियाचीच बीडी, बीडीपत्ता व तंबाखू व्यापाऱ्यांची संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. आणि १९६१ साली न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी, किमान वेतन कायद्याखाली सरकारला दर ठरविता येतो, छाटीच्या वादाची यंत्रणा उभारता येत नाही, असे सांगून ते नियम रद्द ठरविले. कायद्याच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच असेल. परंतु दर कितीही वाढविला तरी छाट वाढवून तो खाली आणता येतो, हे बीडी वळणाऱ्या निरक्षर बाईलाही कळत होते. तिची तक्रार हजारी दरापुरती नव्हती. खरे-खोटे कोणी ठरवावे, हा तिचा सवाल होता. १९६६ च्या कायद्याने कलम ३९ मध्ये छाटीचे वाद स्वतंत्र अधिकाऱ्याकडे सोपविले, ते त्या सवालाला दिलेले उशिराचे उत्तर होय. अशा मागणीला बदलाची भीती म्हणणे हा शुद्ध कांगावा आहे.

मालकांच्या बाजूनेही बोलता येईल. स्पर्धा तीव्र होती, आणि एकट्याने मजुरी वाढविणारा बाजारातून उठला असता. म्हणूनच सर्वांना सारखा बांधणारा कायदा आवश्यक होता, आणि नेमका त्यालाच विरोध झाला. अतिवृष्टीत बांध फोडून आपल्या बांधीतले पाणी खालच्या बांधीत सोडणारा शेतकरी आपले धान वाचवितो, यात शंका नाही. पण त्याला कोणी जाणता पाटकरी म्हणत नाही. १९६६ चा कायदा अंमलात येताच केरळात बड्या मालकांनी शाखा बंद केल्या, तेव्हा १९६९ साली कण्णूरच्या कामगारांनी राज्य सरकारच्या साहाय्याने दिनेश बीडी ही सहकारी संस्था काढली. आणि पुढे बीडीचा खप उतरू लागल्यावर त्याच संस्थेने खाद्यपदार्थ, छत्र्या व कपडे यांकडे मोहरा वळविला. तिच्याही वाट्याला अडचणी आल्या. तरी जे कामगार बदलायला तयार नसतात असे सांगितले जाते, त्यांनीच धंदा बदलून दाखविला, कारण तोटा आणि निर्णय दोन्ही त्यांचेच होते.

१९६६ चा कायदा आता २०२० च्या श्रमसंहितांत विलीन झाला आहे. बदलाची २१ दिवसांची सूचना नव्या औद्योगिक संबंध संहितेतही कायम आहे. पण आज गिरणीत, बँकेत, रुग्णालयात किंवा कचेरीत जो माणूस ठेकेदारामार्फत येतो, तो सट्टेदाराच्या माणसाचाच वारस आहे, आणि सूचनेचा कागद त्याच्यापर्यंत पोचण्याची शक्यता पूर्वीइतकीच क्षीण आहे. म्हणून गोंदियातील संचालकांना व अंमलदारांना माझे एवढेच सांगणे आहे: पुढील शिबिरात माणसांचे मन कसे वळवावे हे विचारण्याआधी, योजिलेल्या बदलाचा तोटा कोणाच्या नावे पडणार आहे आणि त्या तोट्याचा निवाडा कोण करणार आहे, हे दोन प्रश्न वक्त्याला विचारावे. ज्याच्यापाशी त्यांची उत्तरे नाहीत, त्याने बदल जाहीर करू नये; आणि केला, तर त्याला होणारा विरोध हा कामगारांचा दोष मानू नये.