किल्ला पाहणारे ‘आपण’

थंडीच्या सुट्टीत नातवंडे आली, की आम्ही उकव्याची मंडळी एखादा दिवस रामनगर-मंडल्यासाठी राखून ठेवतो. नर्मदाकाठी हिरदेशहाने बांधलेला मोतीमहाल, त्याचे प्रशस्त अंगण, मधला हौद आणि गढामंडल्याच्या गोंड राजांची वंशावळ सांगणारा १६६७ चा संस्कृत शिलालेख. स्थळ रम्य आहे. डबे उघडण्यास सावलीही आहे. परंतु तेथे उभे राहिलेले ‘आपण’ म्हणजे नेमके कोण, हे सहसा कोणी विचारीत नाही.

रायगडावर हा प्रश्न उद्भवत नाही. तेथला ‘आपण’ आयताच मिळतो. मंडल्यावर मात्र १७४२ साली पेशव्यांची फौज चालून आली आणि राजा महाराजशहा मारला गेला. १७८१ त सागरच्या मराठ्यांनी तेथील गोंड राज्य संपविले. १७९९ त तो मुलूख नागपूरकर भोसल्यांनी घेतला. ज्या नागपूरकडे आपली घरे आजही डोळे लावून असतात, तेही वसविले देवगडच्या गोंड राजाने, बख्तबुलंदशहाने.

यावर एक उत्तर तयार असते. आपले पूर्वज तलवार घेऊन आले नव्हते. कोणी कारकुनीसाठी आले, कोणी शिक्षक म्हणून, कोणी मँगनीजच्या खाणीवर. मग त्या स्वाऱ्यांचा भार आपण का वाहावा? युक्तिवाद खोटा नाही, पण तो शेवटपर्यंत चालवावा लागेल. अटकेपार गेलेल्या फौजेतही हे कारकून नव्हतेच. तरी १७५८ चा विषय निघाला, की गणेशोत्सवाच्या व्यासपीठावरून ‘आपण अटकेपार गेलो’ असेच म्हटले जाते. अटकेचे ‘आपण’ मंडल्याला येताच ‘ते’ कसे होतात? मालमत्तेबरोबर कर्जही वारसाकडे येते, हे सरकारी कचेरीत हयात घालविलेल्यांना तरी सांगावे लागू नये.

कर्ज म्हणजे अपराधाची भावना नव्हे. नुसता खेद ही फार स्वस्त वस्तू आहे. माहिती असणे आणि ती न लपविता सांगणे, एवढेच येथे देणे आहे. तेही सोपे नाही. इंग्लंडमधील जुने वाडे व किल्ले सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्टने २०२० साली आपल्या ९३ स्थळांचे वसाहती व गुलामगिरीशी असलेले संबंध प्रसिद्ध केले, तेव्हा तेथील पुष्कळांना ते रुचले नाही. पॉविस किल्ल्यात क्लाइव्ह घराण्याकडून आलेल्या टिपूच्या वस्तू आहेत, हे वाचून आपण मात्र संतापतो.

आपल्या बैहरकडून गेलेली बंजर मंडल्याला नर्मदेस मिळते. त्या संगमाजवळच्या किल्ल्यातील मराठी शिबंदीने १८१८ त शरण येण्याचे नाकारले आणि इंग्रजांना तो हल्ला करूनच घ्यावा लागला. ही हकीकत आपण ऊर भरून सांगतो. तिच्यातच हेही यावयास हवे, की अवघ्या सदतीस वर्षांपूर्वी तेथील धन्याला मराठ्यांनीच गादीवरून उतरविले होते. आणि १८५७ त जबलपूरला इंग्रजांनी तोफेच्या तोंडी दिलेले शंकरशहा व रघुनाथशहा त्याच घराण्यातले होते.