पर्युषित, शुक्त आणि इडलीचे पीठ

तमिळनाडू आणि कर्नाटकातील घरांमध्ये सकाळच्या इडलीची तयारी आदल्या दिवशी दुपारीच सुरू होते. उकडा तांदूळ आणि साल काढलेला उडीद साधारणपणे चारास एक या प्रमाणात वेगवेगळे भिजवायचे, उडदात चमचाभर मेथी टाकायची, चार-सहा तासांनी उडीद हलका होईपर्यंत आणि तांदूळ किंचित रवाळ वाटायचा, मीठ घालून दोन्ही हाताने कालवायचे आणि पीठ फुगायला भांड्यात जागा सोडून ते रात्रभर ठेवून द्यायचे, एवढीच ही कृती आहे. विरजण म्हणून काहीच घालावे लागत नाही. धान्याबरोबर आलेले ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइड्ससारखे जिवाणू आम्ल आणि वायू निर्माण करतात, आणि सकाळी दहा-बारा मिनिटांच्या वाफेत त्या पिठाच्या इडल्या होतात. धर्मशास्त्राच्या दृष्टीने मात्र ही साधी न्याहारी अडचणीची आहे, कारण आचारनिष्ठ स्मार्त आणि वैष्णव घरे जे ग्रंथ प्रमाण मानतात ते रात्र उलटलेले आणि आंबलेले अन्न निषिद्ध ठरवतात, आणि त्याच घरांत ही न्याहारी निःशंकपणे केली जाते.

येथे दोन निषेध वेगळे करून पाहणे आवश्यक आहे. पहिला ‘पर्युषित’ अन्नाचा, म्हणजे शिळ्याचा. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात असे अन्न तामस मानले आहे. परंतु त्या श्लोकावरील भाष्यात शंकराचार्य जे शिजवलेले आहे आणि ज्यावरून रात्र गेली आहे ते पर्युषित, असा अर्थ करतात. ही व्याख्या स्वीकारली तर इडलीचे पीठ निषेधातून सहज सुटते, कारण त्याची रात्र अग्निसंस्काराच्या आधी येते, नंतर नव्हे.

दुसरा निषेध ‘शुक्ता’चा आहे आणि तो इतक्या सहजासहजी टळत नाही. शुक्त म्हणजे मूळचा आंबट नसलेला, परंतु काळ गेल्यामुळे किंवा पाण्यात राहिल्यामुळे आंबट झालेला पदार्थ. टीकाकारांनी केलेला हा अर्थ वाचताना जणू इडलीच्या पिठाचेच वर्णन चालले आहे असे वाटते. शिजवण्याची अटही येथे नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात सर्व शुक्ते वर्ज्य सांगून लगेच दही आणि दह्यापासून झालेले पदार्थ यांना सूट दिली आहे, आणि ही सूट इडलीच्या इतिहासाशी लक्षणीय रीतीने जुळते. दुसऱ्या चावुंडरायाच्या ‘लोकोपकार’ या इ. स. 1025च्या सुमाराच्या कन्नड ग्रंथात उडीद ताकात भिजवून वाटायचा आणि त्यात दह्याचे निवळ पाणी व मसाला घालायचा, अशी कृती आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’तही ‘इड्डरिका’ उडदाचीच आहे, तांदळाची नव्हे. जुन्या इडलीचा आंबटपणा दह्याच्या वाटेने, म्हणजे शास्त्रसंमत वाटेने आला, असा तर्क यावरून करता येईल. परंतु आजच्या घरगुती पिठात दह्याचा थेंबही नसतो. तेव्हा हा तर्क कितीही मोहक असला तरी तो इतिहासापुरताच उपयोगी आहे.

दह्याची जुनी वाट कांचीपुरमच्या वरदराज पेरुमाळ मंदिरात मात्र अजून दिसते. तेथील नैवेद्याच्या इडलीत तांदूळ-उडदाच्या भरड पिठात मिरी, जिरे, सुंठ, हिंग, तूप आणि दही पडते, आणि मंदारैची पाने लावलेल्या बांबूच्या टोपलीत ती बराच वेळ वाफवली जाते. आंबवलेला पदार्थ देवापुढे ठेवला जातो आणि प्रसाद म्हणून परत येतो, तेव्हा त्याच्या शुद्धतेचा प्रश्न निदान त्या परंपरेपुरता मिटतो. मात्र प्रश्न मिटणे आणि त्याचे उत्तर मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ते उत्तर देशाचारात शोधावे, तर बौधायन धर्मसूत्राच्या आरंभी दक्षिण आणि उत्तर यांच्यातील वादग्रस्त आचारांची गणना आहे. दक्षिणेकडील पाच आचारांत मामाच्या किंवा आतेच्या मुलीशी विवाहाबरोबरच शिळे अन्न खाणे हेही येते. टीकाकारांनी दक्षिणेची सीमा नर्मदा मानल्यामुळे महाराष्ट्रही या यादीत सापडतो, आणि कोकणातील आंबोळी किंवा गौरीच्या नैवेद्यातील आंबील पाहता त्याने तक्रार करण्याचे कारण नाही. त्या त्या प्रदेशात तेथील आचारच प्रमाण, असे एक मत सूत्रकार नोंदवतो. हे खोटे आहे, असे गौतमाचे मत त्यापुढे ठेवतो. आणि शेवटी शिष्टांच्या स्मृतीशी विरोध येत असल्याने दोन्हीकडचे हे आचार आदरू नयेत, असे म्हणतो. देशाचाराचा आधार घेणाऱ्याला बौधायनाचा अर्धाच भाग वाचून थांबावे लागते.

अधिक पटणारे स्पष्टीकरण असे की, शुक्ताच्या निषेधाचा रोख आंबटपणावर नसून राखणीविना झालेल्या विकारावर आहे. उरलेली पेज आपोआप आंबते. इडलीचे पीठ मात्र आंबवले जाते, म्हणजे धान्याचे प्रमाण, पाणी, भांडे आणि वेळ ठरवून काळालाच कामाला लावले जाते. स्मृतीत हा भेद शब्दशः नाही, पण गृहिणीच्या व्यवहारात तो काटेकोर आहे: पहिल्या सकाळी इडली, मग दोसा, आणि आंबटपणा वाढला की ऊत्तप्पा, असा त्याच पिठाचा क्रम लागतो. अमावास्येच्या रात्री भात न खाणारे कर्मठ तमिळ गृहस्थ तांदळाचीच इडली खातात, त्यामागेही द्रव्यापेक्षा प्रक्रियेला महत्त्व देणारी हीच दृष्टी आहे.

जैन आचाराला हे स्पष्टीकरण मुळीच उपयोगी नाही. उलट ते त्याला दोष वाढवणारे वाटेल. ‘चलितरस’, म्हणजे मूळची चव पालटलेला पदार्थ, तेथे अभक्ष्य आहे, कारण त्यात सूक्ष्म जीव उत्पन्न होतात. स्वयंपाकातील हिंसा ‘आरंभी’, म्हणजे गृहस्थाला न टाळता येणारी, मानली जाते. पण जीव वाढावेत म्हणूनच पीठ रात्रभर ठेवणे हे हेतुपूर्वक केलेल्या ‘संकल्पी’ हिंसेकडे झुकते, असे म्हणता येईल. स्मार्तांच्या बाजूने जे नियोजन शुद्धीचे कारण ठरते, तेच येथे आरोपाचे कारण होते. गंमत अशी की ‘इड्डलिगे’ हा शब्द ज्या ‘वड्डाराधने’त (इ. स. 920च्या सुमारास) आढळतो, तो कन्नड ग्रंथ शिवकोट्याचार्य या जैन ग्रंथकाराचाच आहे, आणि ती इड्डलिगे रात्रभर आंबवलेली नसावी, असे मानण्यास त्यामुळे जागा राहते. आजही नियम पाळणाऱ्या जैन घरांत इडली करायचीच झाली तर पीठ त्याच सकाळी कालवून लगेच वाफवले जाते.