देणगी आणि देणे



लूककृत शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायातील श्रीमंत माणसाने लाझरसला मारले नाही, हाकललेही नाही. तो जांभळी, तलम वस्त्रे नेसून रोज मेजवान्या करीत होता आणि दारातला भुकेला माणूस त्याला दिसत नव्हता. हे न दिसणे हाच त्याचा अपराध ठरला.

ती वस्त्रे कोणी विणली, हे दाखल्यात सांगितलेले नाही. आपल्या काळात हा प्रश्न एका इमारतीच्या ढिगाऱ्याने विचारला. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळून ११३४ माणसे मृत्युमुखी पडली. तेथे परदेशातील बड्या दुकान-कंपन्यांसाठी कपडे शिवले जात. आदल्या दिवशीच इमारतीला तडे गेले होते. खालची बँक बंद राहिली. शिलाई कामगारांना मात्र पगार कापण्याची धमकी देऊन कामावर बोलावले गेले. त्यातील काही कारखान्यांची ‘सामाजिक जबाबदारी’च्या नावाने तपासणी झालेली होती. ती इमारतीच्या मजबुतीची नव्हती! तेथील महिन्याची मजुरी ३८ युरो असल्याचे वाचून पोप फ्रान्सिस ह्यांनी १ मे रोजी ह्या कामाला गुलामगिरी म्हटले.

त्यानंतर कंपन्यांनी कामगार संघटनांबरोबर सुरक्षिततेचा करार केला. २००हून अधिक कंपन्या त्यात आल्या. पीडितांसाठीचा ३ कोटी डॉलरचा निधी पुरा व्हायला मात्र जून २०१५ उजाडला.

आपल्या देशात २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे किमान २ टक्के समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक केले. त्यातून शाळा व दवाखाने उभे राहतात, हे चांगलेच आहे. पण कंपनीने स्वतःच्या कामगारांसाठी केलेला खर्च ह्या २ टक्क्यांत धरला जात नाही. ह्यात मोठे शहाणपण आहे. कामगाराला द्यायचे ते देणे असते, देणगी नव्हे. ज्याचे त्याला देणे हा न्याय. त्यापुढे जाऊन आपले देणे ही प्रीती. पहिली पायरी गाळून दुसरीवर चढता येत नाही, हेच पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांनी २००९ सालच्या परिपत्रकात शिकवले.

लाझरस दूर बांगलादेशातच आहे असे नाही. दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या कामगारांना बसायला आसन मिळावे म्हणून केरळला २०१८ साली आणि तमिळनाडूला २०२१ साली कायद्यात दुरुस्ती करावी लागली. एका स्टुलासाठी कायदा! आपल्या घरची मुले-मुलीही मॉलमध्ये काउंटरमागे उभी असतात. संध्याकाळी त्यांचे पाय किती सुजतात, हे त्यांच्या आईला विचारा.

खरेदी हीदेखील नैतिक कृती आहे, असे त्याच परिपत्रकात म्हटले आहे. ‘एकावर एक फ्री’ची पाटी पाहून आपण हरखून जातो, तेव्हा त्या फुकटाची किंमत कोणी मोजली, हा विचार मनात येऊ द्या. काउंटरवरच्या मुलीशी दोन शब्द आदराने बोला. ज्यांची स्वतःची दुकाने आहेत, त्यांनी चर्चच्या दानपेटीत टाकण्याआधी आपल्या नोकरांचा पगार वेळेवर पूर्ण दिला आहे का, हे तपासावे.

हे प्रभो, आमच्या दारातला माणूस आम्हांला दिसू दे. आमेन.

आपला,
धर्मगुरू