देश तसा वेष, पण मन कोणते?

"देश तसा वेष" ही म्हण आपल्या लोकांच्या तोंडी नेहमी असते. परगावी गेले म्हणजे तेथील रीतीस धरून वागावे, खाण्यापिण्याच्या व उठण्याबसण्याच्या बाबतींत फार ताणून धरू नये, असा तिचा अर्थ आहे. आणि तो बहुधा शहाणपणाचाच आहे. परंतु ह्या म्हणीच्या आड एक कठीण प्रश्न दडलेला आहे. मनुष्य वाटेवर एका प्रकारे वागतो व घरी दुसऱ्या प्रकारे वागतो, तेव्हा त्या दोहोंपैकी खरा मनुष्य कोणता? प्रवासात त्याने जो मोकळेपणा दाखविला तो खरा चांगुलपणा, की नुसती वेळेची सोय? हा प्रश्न केवळ पंडितांच्या चर्चेचा आहे असे वाचकांनी समजू नये. ज्याचा मुलगा मुंबईस कामाला आहे, ज्याचा भाऊ साखर कारखान्यावर ऊसतोडीस जातो, त्या प्रत्येकाच्या उंबऱ्याशी हा प्रश्न येऊन उभा राहतो. एका खेळाडूच्या प्रवासाची खरी हकीकत पुढे ठेवून त्याचा विचार करावा असे आम्ही योजिले आहे.

हल्ली आपल्या देशाचे क्रिकेट खेळणारे लोक विमानात बसून एका दिवसात परदेशी पोहोचतात, आणि त्यांचा खेळ खेड्यातील मनुष्यही हातातल्या मोबाईलवर पाहतो. १९११ साली तसे नव्हते. त्या वर्षी सर्व हिंदुस्थानचा म्हणून पहिलाच संघ विलायतेस गेला. त्यापूर्वी १८८६ व १८८८ साली पारशी मंडळींचे संघ जाऊन आले होते. परंतु पारशी, हिंदू व मुसलमान हे एका नावाखाली जहाजात बसले ते ह्याच वेळी. त्यांचे कप्तान पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग होते; त्यांस अद्याप वीस वर्षेही पुरी झाली नव्हती. आणि त्याच संघात बाळू पालवणकर व त्यांचे धाकटे बंधू शिवराम हे दोघे चांभार जातीचे भाऊ होते.

बाळू ह्यांची पूर्वपीठिका सांगितल्यावाचून पुढील गोष्टीचा अर्थ कळणार नाही. त्यांचे घराणे मूळचे कोकणातले. वडील लष्करी नोकरीनिमित्त पुण्यास राहिले होते. तेथे इंग्रज लोकांच्या क्लबात मैदान झाडणे, त्यावर रूळ फिरविणे, जाळ्या बांधणे, अशी कामे बाळू दरमहा चार रुपयांवर करीत. साहेब लोकांस फलंदाजीचा सराव हवा असे, म्हणून ह्या नोकराच्या हाती चेंडू देण्यात आला. बॅट मात्र त्याच्या हाती क्वचितच आली. तास न् तास चेंडू टाकून टाकून त्यांचा डावा हात असा तयार झाला की, पुण्याच्या हिंदू मंडळींस आपला संघ जिंकावा तर हा मनुष्य घेतल्यावाचून गत्यंतर नाही असे वाटू लागले. त्यांनी त्यास घेतले. परंतु कसे घेतले? मैदानावर त्याच्या हातचा चेंडू सर्वांच्या हातांतून फिरे, त्यास कोणी विटाळ मानीत नसे. चहाची वेळ झाली म्हणजे मात्र इतर मंडळी आत बसत, आणि बाळू ह्यांस बाहेर, वापरून टाकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. त्यांचे जेवणही निराळे असे. चेंडू विटत नव्हता व पेला विटत होता! पुढे ते मुंबईस गेले, तेथे १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांचा पराभव केला त्यात त्यांचा मोठा वाटा होता, आणि मग हळूहळू हा दुरावा कमी झाला.

आता विलायतेचा तो उन्हाळा पाहू. दौऱ्यावरच्या खेळाडूचे जिणे दुरून दिसते तितके सुखाचे नसते. एका गावी तीन दिवसांचा सामना खेळावा, सायंकाळी सामान बांधावे, आगगाडीत बसावे, आणि दुसऱ्या गावी उतरून परक्या बिछान्यावर रात्र काढून पुन्हा मैदानावर जावे. अन्न निराळे, भाषा निराळी, घरची पत्रे आठवड्यांमागून यावयाची. जून, जुलै व ऑगस्ट ह्या तीन महिन्यांत त्यांनी तेवीस सामने खेळले. त्यांतील सहा जिंकले, पंधरा हरले व दोन अनिर्णित राहिले. आरंभी तर एकामागून एक पराभवच पदरी आले. अशा वेळी माणसाच्या अंगचे बरेवाईट सर्व बाहेर पडते. कारण घरी जे लोक आपल्याकडे पाहत असतात ते येथे नसतात.

कप्तानांचे काय झाले? ते वर्ष बादशहाच्या राज्याभिषेकाचे होते. महाराजांस मेजवान्यांची निमंत्रणे येत. ते थोडेसेच सामने खेळले, आणि आपल्या पदरी असलेल्या एका उत्तम पारशी फलंदाजासही बहुतेक वेळ आपल्यापाशी ठेवून घेतले. मागे राहिलेल्यांनी भार वाहिला. त्यांत सर्वांत मोठा भार बाळू पालवणकर ह्यांच्या खांद्यावर पडला, आणि तो खांदाही दुखावलेला होता. त्यांचे वय पस्तिशीच्या पुढे गेले होते. तरी सर्व दौऱ्यात मिळून त्यांनी एकशेचौदा गडी बाद केले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात आठ, लिस्टरशायरविरुद्ध दोन्ही डाव मिळून अकरा. आणि लिस्टर येथे संघास जय मिळाला. टाँटन येथे सॉमरसेटवर एका गड्याने विजय मिळाला, तेव्हा शिवराम शतक करून शेवटपर्यंत नाबाद राहिले. ज्यास घरी मैदानाबाहेर चहा मिळत असे, त्याच्याच बळावर परक्या मुलुखात हिंदुस्थानचे नाव टिकले.

विलायतेत भेदच नव्हता असे मात्र कोणी समजू नये. तेथेही हौसेने खेळणारे "सभ्य गृहस्थ" व मजुरी घेऊन खेळणारे लोक असे दोन वर्ग होते. एकाच संघात असूनही त्यांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या निराळ्या असत, आणि पुष्कळ ठिकाणी मैदानावर येण्याची दारेही निराळी असत. तो भेद १९६२ साली रद्द ठरला. तेव्हा परदेश पवित्र व आपला देश अपवित्र, असा आमचा सिद्धांत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, पुण्यास ज्या मातीच्या भांड्यावाचून धर्म बुडेल असे वाटत होते, ते भांडे बोटीवर कोणी बरोबर नेले नाही, आणि त्यावाचून कोणाचेही काही अडले नाही.

दौरा संपला व मंडळी घरी आली. मुंबईस बाळू ह्यांच्या समाजबांधवांनी त्यांचा मोठा सत्कार केला. परंतु हिंदूंच्या संघाचे कप्तानपद त्यांस द्यावे, ही गोष्ट वर्षे लोटली तरी होईना. गुण सर्वांस मान्य होते. अडचण जातीची होती. शेवटी १९२० साली कप्तानपद पुन्हा दुसऱ्याकडे गेले, तेव्हा शिवराम व त्यांहून धाकटे विठ्ठल ह्या दोघा भावांनी, जातीमुळे आम्हांवर अन्याय होतो असे उघडपणे सांगून संघातून अंग काढून घेतले. त्यावर पुष्कळ चर्चा झाली व बाळू ह्यांस उपकप्तान करण्यात आले. १९२३ साली विठ्ठल हे कप्तान झाले, आणि त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांस हरविले. विलायतेची वाट तीन महिन्यांत चालून झाली. तेथून घरापर्यंतची वाट चालावयास बारा वर्षे लागली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. प्रवासातून परत आलेला मनुष्य आपल्या वाटेवरच्या वागण्याचे तीन प्रकारांनी काय ते करू शकतो. पहिला प्रकार, तो ते धुऊन टाकतो. समुद्र ओलांडून आलेल्यास प्रायश्चित्त देऊन जातीत घेण्याची चाल पूर्वी होती, ती ह्या प्रकारची. सर्वांबरोबर बसून जेवणे हा एक डाग होता, तो आता निघाला, असे तीत गृहीत धरलेले असते. दुसरा प्रकार, तो ते विसरतो. आगगाडीतून उतरला की वाटेचा मनुष्य फलाटावर ठेवून घरचा मनुष्य अंगावर चढवितो. हा प्रकार सर्वांत सोपा, म्हणून सर्वांत चालू आहे. तिसरा प्रकार, तो ते घरी घेऊन येतो. आणि हाच अवघड.

येथे कोणी विचारील: "प्रवासात मनुष्य वाईटही वागतो. कोणी दारू पितो, कोणी पैसे उधळतो, कोणी बायकोस विसरतो. वाटेवरचे सर्व घरी आणावे असे म्हटल्यास हेही आणावे काय? घरची शिस्त काय उगाच आहे?" हा आक्षेप खरा आहे, आणि त्यास उत्तर दिलेच पाहिजे. मोकळीक ही स्वतः चांगली नाही व वाईटही नाही. तिची परीक्षा अशी करावी: आपल्या त्या वागण्याने कोणाचे नुकसान झाले, व कोणाचा मान राखला गेला? तरुण महाराज मेजवान्यांत रमले, त्याचा बोजा सोबत्यांवर पडला. ती मोकळीक वाटेवरच टाकून द्यावयाची. परंतु निरनिराळ्या जातींचे व धर्मांचे लोक तीन महिने एकत्र राहिले, एका गाडीने फिरले, एका मैदानावर हरले व जिंकले, ह्यात कोणाचे काय गेले? ती मोकळीक घरी आणावयाचीच. आणि ती आणण्यास लाज वाटत असेल, तर दोष त्या मोकळिकीत नसून आपल्या भीतीत आहे.

आमच्या मते वाटेवरच्या वागण्याचे खरे मोल ह्यातच आहे. ते प्रेमाने घडले की गरजेने घडले, ह्याचा शोध करीत बसण्यात अर्थ नाही. पुष्कळ वेळा ते गरजेनेच घडते. पुण्याच्या मंडळींनीही बाळू ह्यांस प्रेमाने घेतले नव्हते, जिंकण्यासाठी घेतले होते. परंतु गरजेने का होईना, एकदा जे करून झाले, ते "आमच्याने होत नाही" असे पुन्हा म्हणता येत नाही. "होत नाही" हे सरले. "करीत नाही" एवढेच उरले. आणि न करणाऱ्यास जाब द्यावा लागतो.

वाचकहो, हा जाब आपणांसही आहे. आपल्या गावचा तरुण पुण्यास कारखान्यात लागतो. तेथे एका नळाचे पाणी, एका टपरीवरचा चहा, एकाच डब्यातील भाकरी. सोबत्याची जात विचारण्यास त्यास सवड नसते. तोच दिवाळीस गावी येतो आणि त्याच सोबत्याचा चुलता दारी आला, तर घरातले वडील मंडळी पाहतात म्हणून निराळा पेला काढतो. अस्पृश्यता १९५० साली अमलात आलेल्या घटनेने नाहीशी केली खरी. परंतु मनाच्या कोनाड्यात ठेवलेला पेला सरकारचा शिपाई येऊन फोडीत नाही. इतकेच नव्हे, आमच्या मंडळ्यांतही हे आहे. परगावच्या सभेस गेलो म्हणजे आपण सर्व एका पंगतीस बसतो व एकमेकांस भाऊ म्हणतो. घरी मुलीचे लग्न निघाले म्हणजे मात्र तो भाऊ पूर्वी कोणत्या वाड्यातला होता, ह्याची चौकशी होते. इतरांस बोल लावण्यापूर्वी आपण आपले घर तपासलेले बरे.

बाळू पालवणकर ह्यांच्या चरित्रातील एक गोष्ट आम्हांस सर्वांत मोठी वाटते. पुण्याच्या मैदानावर रूळ ओढताना व विलायतेत हजारो लोकांसमोर चेंडू टाकताना त्यांची मेहनत एकच होती. तेथे कोणी पाहत नव्हते म्हणून ती कमी नव्हती, आणि येथे सर्व पाहत होते म्हणून वाढली नाही. त्यांस घरी येऊन काही धुवावे लागले नाही व काही विसरावेही लागले नाही. बदलावयाचे होते ते त्यांच्याभोवतीच्या लोकांस.

म्हणून देश तसा वेष खुशाल असो. उन्हाळ्याच्या देशी पातळ वस्त्र व थंडीच्या देशी घोंगडी घ्यावी. परंतु मन दोन ठेवू नये. पुढच्या वेळी गावाकडच्या एस.टी.त बसाल तेव्हा सामान मोजताना एवढेही मोजा, की वाटेवर जो माणुसकीचा व्यवहार केला तो गाठोड्यात आहे, की स्टँडावरच राहिला.