सातबाऱ्यावर परदेश

परभणी जिल्ह्यातल्या वालूरच्या काळ्या रानात दहा एकरांचा मालक असलेला शेतकरी मुलाच्या परदेशी शिक्षणासाठी बँकेत गेला, की त्याला पहिल्यांदाच कळतं की या कामापुरता तो भूमिहीन आहे. त्याच जमिनीवर सोसायटीचं पीककर्ज मिळतं, त्याच सातबाऱ्यावर बोजा चढतो. पण शैक्षणिक कर्जाला ती जमीन तारण म्हणून बहुधा चालत नाही. 2002 च्या सरफेसी कायद्यानं थकबाकीदाराचं घर, फ्लॅट, दुकान कोर्टाची पायरी न चढता लिलावात काढायची मुभा बँकांना दिली आणि शेतजमीन त्यातून वगळली. वगळली ते शेतकऱ्याच्या भल्यासाठीच. पण जे सहज विकता येत नाही, ते बँकेला तारण म्हणून नको असतं.

मग उरतं घर. गावठाणातल्या घराचा कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा, आणि तो कर आकारणीचा, मालकीचा नव्हे. स्वामित्व योजनेतून ड्रोननं मोजणी होऊन मालमत्ता पत्रक हाती आलं असेल तर बोलणं पुढे सरकतं, तरी सेलू तालुक्यातल्या गावातल्या घराची किंमत बँकेचा मूल्यांकनकार किती लावणार? जमीन तर अनेकदा अजून आजोबांच्याच नावावर असते, काकांच्या वाटण्या राहिलेल्या, फेरफार अडलेला. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, हे खरं. पण तेवढ्यात लंडनमधलं एक वर्षसुद्धा निघत नाही.

परदेशी शिक्षणाची माहिती देणारी पुस्तकं, सेमिनार आणि जाहिराती सुरू होतात त्या इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेपासून. शहरातल्या पगारदार घरासाठी ते बरोबरही असेल. वालूरसारख्या गावातून निघणाऱ्याची तयारी मात्र तहसीलपासून सुरू होते. तिथला उत्पन्नाचा दाखला हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत चमत्कारिक कागद. शिष्यवृत्तीसाठी तो आठ लाखांच्या आतला हवा, म्हणजे तुम्ही पुरेसे गरीब हवेत. कर्जासाठी बँक सहकर्जदाराचं आयकर विवरणपत्र मागते, म्हणजे तुम्ही पुरेसे कमावते हवेत. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे बहुतेक शेतकऱ्यांनी विवरणपत्र कधी भरलेलंच नसतं. आणि व्हिसा अधिकाऱ्याला तुमच्या खात्यात रोकड दिसायला हवी. ब्रिटनसाठी फी आणि राहण्याचा खर्च मिळून ठरलेली रक्कम सलग 28 दिवस खात्यात पडून असावी लागते. जर्मनीसाठी 11,904 युरो, म्हणजे आजच्या भावानं साधारण बारा लाख रुपये, अडकवून ठेवलेल्या खात्यात आधी भरावे लागतात, आणि तिथं पोचल्यावर ते महिन्याला 992 युरो असे परत मिळतात. एकाच घरानं एकाच वर्षात तीन टेबलांसमोर तीन वेगवेगळ्या ऐपती सिद्ध करायच्या असतात.

या फटीत एजंट उभा असतो. ‘बॅलन्स दाखवायची’ सोय तो करून देतो. महिनाभरापुरते कुणाचे तरी पैसे तुमच्या खात्यात येतात, त्याचं व्याज तुम्ही मोजता. हे पकडलं गेलं तर ब्रिटनचा दरवाजा दहा वर्षांसाठी बंद होऊ शकतो, हे तो सांगत नाही. बँकेनं नकार दिला की दुसरा माणूस पुढे येतो, गावातलाच. त्याला शेतजमीन तारण म्हणून चालते, फक्त कागद गहाणखताचा नसतो, खरेदीखताचा असतो. सावकारीविरुद्ध 2014 चा कायदा आहे, जिल्हा उपनिबंधकाकडे दाद मागता येते. पण सही करताना ‘नुसतं नावापुरतं आहे’ असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवलेला बाप नंतर किती खेटे घालणार?

नावाचाही एक छोटा घोळ आहे, पण लोकांचं अख्खं सत्र त्यात बुडतं. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर क्रम उलटा. पासपोर्टवर कधी आडनावाचा रकाना रिकामा. तिकडच्या विद्यापीठाचा संगणक शेवटचा शब्द आडनाव मानतो आणि मुलगा दोन वर्षं बापाच्या नावानं ओळखला जातो. गंमत सोडली तर दहावीच्या टीसीपासून पासपोर्टपर्यंत स्पेलिंग एक करून घेणं, गरज पडल्यास राजपत्रात नाव बदलून घेणं, हे काम पदवीच्या दुसऱ्या वर्षातच उरकावं. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट काढायलाही वेळ लागतो, तोही त्याच यादीत धरावा.

हे झालं कागदांचं. माझा मुद्दा कागदांच्या मागचा आहे. परदेशात शिकायला जाणं हा धोका असतो, तो कायमच होता. प्रश्न एवढाच की तो कुणाच्या अंगावर पडतो.

या दृष्टीनं डॉ. आंबेडकरांचं उदाहरण पुन्हा वाचण्यासारखं आहे. आपण ते प्रेरणा म्हणून सांगतो, हिशेब म्हणून कधी सांगत नाही. फेब्रुवारी 1913 मध्ये वडील गेले. जूनमध्ये सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानाशी करार झाला. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि बदल्यात दहा वर्षं संस्थानाची नोकरी. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोचले. 1916 मध्ये ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. पुस्तकांचं सामान ज्या बोटीनं येत होतं ती युद्धात बुडवली गेली. बडोद्यात नोकरीला गेले तर राहायला जागा मिळेना. पुढे सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेनांकडून पाच हजार रुपये उसने घेतले, आणि 1920 मध्ये पुन्हा लंडन गाठलं. इतक्या ठिकाणी ही गोष्ट मोडू शकली असती. मोडली नाही याचं मोठं श्रेय त्यांच्या बुद्धीला आणि चिकाटीला आहेच. पण प्रत्येक मोडणीच्या जागी धोक्याचा मोठा वाटा घराबाहेरच्या कुणीतरी उचलला होता: संस्थान, महाराज, मित्र. विकायला रान नव्हतं, त्यामुळे ते पणाला लागलंही नाही.

आज त्या जागी सरकारच्या योजना आहेत, आणि नावं तीच आहेत. अनुसूचित जातींसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, 75 जागा. मराठा-कुणबी समाजासाठी राज्याच्या सारथी संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची, तिच्याही 75. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती, 125 जागा, त्यातल्या 115 अनुसूचित जातींसाठी. फी, निर्वाह, विमानभाडं मिळतं, त्यामुळे ज्याला मिळते त्याचं घर वाचतं. पण सयाजीरावांच्या करारात रक्कम, मुदत, अट सगळं बोट सुटण्याआधी ठरलेलं होतं. आताच्या योजनांत तेच ठरत नाही. 2025 च्या जुलैमध्ये केंद्राच्या योजनेत 106 जणांची निवड झाली आणि सुरुवातीला पत्रं निघाली फक्त 40 जणांची. उरलेल्यांना कळवण्यात आलं की निधी उपलब्ध झाला तर बघू. राज्याच्या योजनेत 2024 मध्ये नव्या अटी घातल्या आणि ओरड झाल्यावर मागे घेतल्या. तिकडची विद्यापीठं उन्हाळ्यात अनामत रक्कम मागतात, सप्टेंबरात वर्ग भरतात. आपल्याकडे अर्ज मागवायलाच उन्हाळा उजाडतो. या दोन कॅलेंडरांच्या मधल्या दोन-तीन महिन्यांत कितीतरी घरं घाबरून कर्ज काढतात. माझा सल्ला असा की प्रवेश मिळाला आणि शिष्यवृत्तीचा निकाल लागला नसेल, तर विद्यापीठाला प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलायची विनंती करावी. बरीच विद्यापीठं ती मान्य करतात. एक वर्ष गेल्यानं कुणाचं आयुष्य जात नाही. शिवाय बुलडाण्याच्या खेड्यातून लंडनच्या सोआस विद्यापीठापर्यंत गेलेले राजू केंद्रे यांची एकलव्य संस्था पहिल्या पिढीतल्या मुलांना अर्ज आणि निबंध लिहायला मदत करते. एजंटाच्या आधी अशा ठिकाणी जावं.

कुठं आणि काय शिकायला जायचं, यावर मी सरळ मत देतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या पदवीधराला परदेशात एक फायदा आहे जो त्याला कुणी सांगत नाही: त्याची पदवी चार वर्षांची आहे. तीन वर्षांच्या बीएला, बीएस्सीला जिथं अडतं तिथं ती चालून जाते. मृदाशास्त्र, सिंचन, वनस्पती रोगशास्त्र यांत संशोधनाच्या जागा असतात, आणि त्यांत अनेकदा विद्यापीठच पैसे देतं. नेदरलँड्समधलं वाखेनिंगन, अमेरिकेतली राज्य विद्यापीठं ही त्याची ठिकाणं. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही. अपवाद आहेत, उदाहरणार्थ बाडेन-वुर्टेनबर्ग राज्यात परदेशी विद्यार्थ्याला सत्राला 1,500 युरो पडतात. याउलट, क्रमवारीत कुठंच नसलेल्या कॉलेजातली एक वर्षाची व्यवस्थापनाची पदवी, जिच्यासाठी एजंटाला कॉलेजकडून कमिशन मिळतं, ती घ्यायला वीस-पंचवीस लाख काढणं हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

मराठवाड्यात खरी गर्दी मात्र एमबीबीएसची आहे. नीटमध्ये सरकारी जागा हुकली, खासगी कॉलेज परवडत नाही, म्हणून रशिया, किर्गिझस्तान, जॉर्जिया, उझबेकिस्तान. फी इथल्या खासगीपेक्षा कमी हे खरं. पण भारताच्या 2021 च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा हवा, इंग्रजीतून हवा, त्याच संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप हवी, आणि त्या देशात डॉक्टर म्हणून नोंदणी मिळण्याची पात्रता हवी. यातली एक अट चुकली तरी पदवी इथं कागद ठरते. सगळं जुळलं तरी परत आल्यावर परवान्याची परीक्षा आहेच, आणि तिच्यात पास होणाऱ्यांपेक्षा नापास होणारे बहुतेक वेळा जास्त असतात. 2022 मध्ये युक्रेनमधून जीव मुठीत धरून परतलेली मुलं या भागातलीही होती. त्यांची फी परत आली नाही. कोणत्याही कॉलेजचा विचार करण्याआधी या चार अटींचा लेखी पुरावा मागा. एजंट टाळाटाळ करू लागला तर तेच उत्तर समजा.

आता हप्त्याचं बोलू. चाळीस लाखांचं कर्ज, अकरा टक्के व्याज, दहा वर्षं. महिन्याचा हप्ता सुमारे 55,100 रुपये. शिकतानाच्या काळातलं साचलेलं व्याज वेगळं. 2025-26 च्या सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328. म्हणजे एका महिन्याचा हप्ता सव्वादहा क्विंटल सोयाबीन, तेही हमीभाव मिळाला तर, आणि बियाणं-खत-फवारणीचा खर्च शून्य धरला तर. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात काय झालं ते ज्यानं पाहिलं, त्याला पुढचं सांगायला नको.

एजंटाचं गणित वेगळं असतं. तिथं नोकरी लागेल, पौंडात-डॉलरात पगार येईल, दोन वर्षांत फिटेल. ते गणित चुकीचं होतं असं नाही. दहा-पंधरा वर्षांपूर्वी अनेकांचं फिटलंही. पण त्याचा प्रत्येक आकडा दुसऱ्या देशाच्या सरकारच्या हातात आहे. ब्रिटननं शिक्षणानंतर थांबायची मुदत दोन वर्षांवरून 18 महिन्यांवर आणायचं ठरवलं आहे, 2027 पासून अर्ज करणाऱ्यांसाठी. अमेरिकेनं 2025 मध्ये नोकरीसाठीच्या एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी लावली. कॅनडानं 2024 मध्ये विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली आणि त्याच वर्षी भारतीयांना सोयीचा असलेला जलद मार्ग बंद केला. मूल वर्गात बसलेलं असताना नियम बदलतात. म्हणून मी एकच कसोटी धरतो: कर्जाचा हप्ता पुण्यात मिळू शकणाऱ्या पगारातून भरता येईल का? येत असेल तर जा. येत नसेल तर तेवढं कर्ज काढू नका, मग विद्यापीठ कितीही मोठं असो.

यावर एक आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. सावधपणाचा उपदेश नेहमी गरिबालाच केला जातो. पुण्या-मुंबईतला मुलगा फ्लॅट गहाण ठेवून गेला तर तो महत्त्वाकांक्षी, वालूरचा गेला तर अविचारी. मुलीच्या बाबतीत तर हे दुप्पट. लग्नानंतर हप्ता कोण भरणार, हा प्रश्न तिच्या प्रवेशपत्राआधीच घरात विचारला जातो, आणि लग्नावर कर्जाच्या निम्मा खर्च करताना कुणी काही विचारत नाही. मी जाऊ नका म्हणत नाही. मी म्हणतो की फ्लॅट बुडाला तर शहरातलं घर भाड्यानं राहतं, रान गेलं तर गावातल्या घराचा उद्याचा घासच जातो. दोन घरांसाठी एकच कर्ज सारखं नसतं.

सर्पिल पायऱ्यांच्या बारवेमुळे वालूरचं नाव अलीकडे बाहेरच्यांना कळू लागलं आहे. शिकायला बाहेर जाणाऱ्या मुलांमुळेही ते कळावं. त्यासाठी सरकारनं दोन गोष्टी कराव्यात. शिष्यवृत्तीचा निकाल मार्चअखेर लावावा आणि निवड झालेल्या प्रत्येकाला त्याच दिवशी रकमेसह पत्र द्यावं. जिल्हा बँकेनं आणि सरकारी बँकांनी नामांकित विद्यापीठांच्या यादीतल्या प्रवेशाला तारणाशिवाय कर्ज देण्याची जी सोय काही ठिकाणी आहे, ती परभणीच्या शाखेतही मागितल्यावर मिळेल असं पाहावं. हे होईपर्यंत वालूरमधल्या पालकांना माझं एवढंच सांगणं आहे: शिष्यवृत्ती किंवा फीमाफी मिळत असेल तर लेकराला बिनधास्त पाठवा, नसेल तर एक वर्ष थांबून पुन्हा अर्ज करू द्या, आणि खरेदीखतावर सही करू नका.