देवाला विचारायचा प्रश्न, इंजिनाला विचारायचा प्रश्न

सगळं ईश्वराच्या इच्छेनं घडतं असं मानणाऱ्या माणसानं बिघाडाचं कारण शोधत बसावं का? मालवणच्या किनाऱ्यावर हा प्रश्न पुस्तकी नाही. इथं नवं काम हाती घेण्याआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख पंचांगात सापडत नाही, ती देवीच्या कौलानं ठरते. नारळी पौर्णिमेला नारळ समुद्राला अर्पण केल्याशिवाय दर्यावर्दी माणसाच्या मनाला स्वस्थता येत नाही. अशा गावात मी होड्यांची लहान आउटबोर्ड इंजिनं दुरुस्त करतो. पदवीला संस्कृत होतं, त्यात अन्नंभट्टाचा न्यायशास्त्रावरचा ‘तर्कसंग्रह’ शिकलो, आणि तो ग्रंथ मला कॉलेजपेक्षा या कामात जास्त उमगला. मी देव मानतो. कारण शोधणंही मानतो. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत, हे मला इथं मांडायचं आहे.

मालवणच्या दांडी किनाऱ्यावरचा एक होडीवाला माझ्याकडे आला होता. तक्रार एका वाक्याची होती: “इंजान बोंबाटता, पण होडी फुडे जाणा नाय.” आदल्या आठवड्यात जाळ्यांवरून त्याचं शेजाऱ्याशी वाजलं होतं, आणि तोच शेजारी तिन्हीसांजेला होडीजवळ दिसला होता. घरात कारण ठरूनही गेलं होतं: त्यानंच काहीतरी केलं. “देवाक कौल लावू काय?” असं त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, कौल जरूर लाव, पण आधी मला होडी बघू दे.

इंजिन जोर देत नाही, ही तक्रार म्हणजे मुळात दोन वेगळ्या तक्रारी असतात. एकीत फेरे चढतात आणि होडी जागची हलत नाही. दुसरीत रेस पूर्ण देऊनही फेरेच चढत नाहीत. या लहान इंजिनांना पूर्ण रेसवर किती फेरे मिळायला हवेत ते कंपनी पुस्तकात लिहून देते. बहुतेकांत ते मिनिटाला ५००० ते ६००० असतात. फेरे चढत नसतील तर इंजिनावर ओझं जास्त आहे किंवा त्याला खायला कमी मिळतंय. पाण्यात फिरणाऱ्या पंख्याच्या पात्यांचा पिच जास्त असेल, तळाला शेवाळ आणि शिंपले धरले असतील, होडीत पाणी साचलं असेल, पंख्याला तंगूस गुंडाळलं असेल, दोनपैकी एक सिलिंडर मेलेला असेल, पेट्रोल पुरत नसेल. याउलट फेरे चढतात आणि जोर मिळत नाही, तेव्हा इंजिनाची ताकद पाण्यापर्यंत पोचतच नाही. इंजिन फार वर बसवलेलं असेल, तर पंखा पृष्ठभागावरची हवा ओढून घेतो आणि फेसात फिरतो. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा तिच्या किंचित खाली हवी, ती यासाठीच. ही वाटणी आधी केली की निम्मी कारणं तिथंच गळतात.

दांडीच्या होडीचं दुखणं या दुसऱ्या जातीचं होतं. पट्टीची उंची बरोबर होती, पाती सरळ होती, पंख्यात काही अडकलेलं नव्हतं. संथ चालवली की होडी छान जायची. रेस वाढवली की इंजिन ओरडायचं आणि होडी मागं पडायची. अशा वेळी संशय पंख्याच्या पोटातल्या रबरावर जातो. पंख्याचं बाहेरचं अंग आणि दांड्यावर बसणारी आतली नळी यांच्या मध्ये रबराचा दट्ट्या घट्ट दाबून बसवलेला असतो. पंखा खडकाला किंवा वाळूला आपटला तर धक्का गिअरपर्यंत जाऊ नये, म्हणून ते रबर आत सरकतं. एकदा सैल झालं की कमी जोरावर धरतं, जास्त जोरावर घसरतं. मी किल स्विचची दोरी काढली, प्लगच्या टोप्या काढल्या, आणि आतल्या नळीपासून बाहेरच्या अंगापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढली. मग टोप्या आणि दोरी पुन्हा बसवून होडी खाडीत नेली, पूर्ण रेस दिली आणि परत आणली. रेघ तुटली होती. तिचे दोन तुकडे दोन दिशांना गेले होते. होडीवाल्यानं ते स्वतः पाहिलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, महिन्यामागं खाडीच्या तोंडाशी पंखा वाळूत घुसला होता खरा.

न्यायशास्त्रात कारणाची व्याख्या फार कसून केली आहे. कार्याच्या आधी नेमानं असतं ते कारण, पण तेवढं पुरत नाही; ते ‘अन्यथासिद्ध’ नसावं. अन्यथासिद्ध म्हणजे कार्याच्या आधी हजर असूनही ज्याच्यावाचून कार्य अडत नाही असं. नैयायिकांचं ठरलेलं उदाहरण कुंभाराच्या गाढवाचं. माती गाढवानं वाहून आणली, ते घटाच्या आधी तिथं होतंच. पण माती दुसऱ्या कशानंही आली असती तरी घट झालाच असता. म्हणून गाढव घटाचं कारण नाही. तिन्हीसांजेला होडीजवळ दिसलेला शेजारी मला त्या गाढवाच्या जागी दिसतो. तो आधी होता, एवढंच खरं. एवढ्यावरून त्याला दोषी ठरवणं ही तर्काची चूक आहेच, पण ते पापही आहे, कारण त्या चुकीची शिक्षा एका निरपराध माणसाला आणि त्याच्या घराला भोगावी लागते. खोटं कारण निरुपद्रवी नसतं.

मग खरं कारण ओळखायचं कसं? शास्त्र म्हणतं, अन्वय आणि व्यतिरेक पाहा: ते असलं की कार्य होतं, ते नसलं की होत नाही. माझं अर्धं काम हेच आहे. थोडं अंतर जाऊन इंजिन मंदावत असेल, तर मी पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबतो. दाबला की फेरे परत येतात, सोडला की पुन्हा उतरतात. म्हणजे दोष पेट्रोल पोचण्यात आहे. बहुधा टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिलेला असतो, नाहीतर नळी हवा ओढत असते. इंजिन एका सिलिंडरवर चालतंय असं वाटलं, तर चालू इंजिनाच्या एकेका प्लगची टोपी रबरी पकडीनं काढून बघतो. ज्याची काढल्यावर फेरे उतरतात तो सिलिंडर जिवंत. ज्याची काढूनही काहीच बदलत नाही, तो आधीपासूनच काम करत नव्हता. जे काढून टाकल्यानं फरक पडत नाही ते कारण नव्हतं, हे वाक्य मला शास्त्रानं दिलं आणि प्लगनं पटवलं.

याच कारणासाठी मी एका वेळी एकच गोष्ट बदलतो. प्लग, पेट्रोल आणि पंखा तिन्ही एकदम बदलले तर इंजिन कदाचित सुधारेल, पण ज्ञान काहीच मिळणार नाही, आणि पुढच्या वेळी तोच माणूस पुन्हा अंधारात चाचपडेल. असं तपासून पाहण्याचं एक जुनं उदाहरण आहे. १८३७ साली लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात, बोटीला पंख्याऐवजी स्क्रू लावून पाहणाऱ्या फ्रान्सिस पेटिट स्मिथच्या लाकडी स्क्रूचा निम्मा भाग धडकेनं तुटला आणि बोट आधीपेक्षा वेगानं धावू लागली. त्यानं त्याला चमत्कार म्हणून सोडून दिलं नाही. एकाच वेढ्याचा नवा स्क्रू बसवून पुन्हा पाहिलं. त्या परीक्षेमुळे एका अपघाताचं ज्ञान झालं.

इथं श्रद्धावान माणूस मला विचारतो: मग देव कुठं राहिला? याचं मला सापडलेलं सगळ्यात सरळ उत्तर नैयायिकांचंच आहे. ते निरीश्वरवादी नव्हते. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’ हा ग्रंथ ईश्वर सिद्ध करायलाच लिहिला. या परंपरेत ईश्वर, त्याचं ज्ञान, इच्छा आणि कृती, काल, दिक् (दिशा), अदृष्ट (कर्मांचं साठलेलं पुण्य-पाप) ही प्रत्येक कार्याची ‘साधारण कारणं’ आहेत. जग चालतं ते त्यांच्यामुळे. पण ती सर्व कार्यांना सारखी असल्यामुळेच, हीच होडी का अडली आणि शेजारची का नाही, याचं उत्तर ती देत नाहीत. त्यासाठी ‘असाधारण कारण’ शोधावं लागतं. ईश्वराची इच्छा घसरलेल्या रबरामागे आहे, आणि न घसरलेल्या रबरामागेही आहे. दोन्हींतला फरक त्याच्या नावानं सांगितला, तर आपण काहीच सांगितलेलं नसतं. कारणांच्या यादीत ईश्वराला इतक्या वरचं स्थान देणाऱ्यांनीच त्याला बिघाडाचं सोयीचं उत्तर होऊ दिलं नाही, यात मला खरी भक्ती दिसते.

असाधारण कारणाकडे पाठ फिरवली की काय होतं, ते सगळ्यात लहान इंजिनांत दिसतं. त्यांच्या पंख्यात रबर नसतं, मऊ धातूची एक पिन असते. पंखा आपटला की ती तुटते आणि गिअर वाचतात. पिन वारंवार तुटते म्हणून कुणी तिच्या जागी पोलादी खिळा ठोकतो आणि म्हणतो, आता देवाच्या हवाली. पुढच्या आपटीला गिअरचे दात जातात. देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथं लाटा फुटत असताना ते झालं, तर तिथं दुरुस्ती नसते. सुट्या पिना, पाना आणि वल्हं होडीत ठेवणं हीसुद्धा देवाच्या पायाशी ठेवलेली सेवाच आहे.

आणि तरीही एक प्रश्न उरतो, तो मी इंजिनापाशी सोडवू शकत नाही. समुद्रानं माणूस नेला, तर त्याची आई जे विचारते ते पिनविषयी नसतं. माझ्याच पोराला का, हे तिचं विचारणं आहे. तिला पिनची गोष्ट सांगणं क्रूरपणा आहे, कारण तिच्या प्रश्नाचं ते उत्तरच नव्हे. तिथं देवापुढे रडणं, भांडणं, गाऱ्हाणं घालणं हेच योग्य आहे. दुसरं कुणी ते ऐकायला समर्थ नाही. पण त्याच संध्याकाळी गावातल्या बाकीच्या होड्यांच्या पिना तपासणं हे आपलं काम आहे. आईला तर्क ऐकवू नये आणि होडीवाल्याला दैव ऐकवू नये. एकाचा प्रश्न दुसऱ्याच्या दारात नेला, की दोघांवरही अन्याय होतो.

१ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत माझ्याकडे इंजिनांची रांग लागते. मी रोज सकाळी देवाला नमस्कार करून कामाला बसतो. इंजिन दुरुस्त कर, असं मागत नाही; खरं कारण सापडेपर्यंत धीर दे आणि सापडेपर्यंत कुणाचं नाव माझ्या तोंडी येऊ देऊ नको, एवढं मागतो. ज्याला देवाची सृष्टी नेमानं चालते असा विश्वास आहे, त्यानंच ती नेमकी कशी चालते हे शोधायला हवं. न शोधता त्याच्या इच्छेवर भार टाकणं म्हणजे आपला आळस त्याच्या नावावर लिहिणं आहे, आणि ते कुठल्याही भक्ताला शोभत नाही.