गाडीतला तो साहेब

मागच्या शनिवारी आमच्या नागपुरात एका चर्चच्या हॉलमध्ये ‘निर्भय साक्ष’ नावाचं शिबिर झालं. शिकवणाऱ्या तरुणाने मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं होतं. तीन मिनिटांत सांगायचं : आधी मी कसा होतो, प्रभू कसा भेटला, आता कसा आहे. माझ्या शेजारच्या निवृत्त नर्सबाई मध्येच अडकल्या. पदराने कपाळ पुसू लागल्या. ‘भीती सैतानाकडून येते,’ असं म्हणून त्याने त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावलं. उभी हयात रात्रपाळ्या केलेल्या बाईला भित्री ठरवणाऱ्या त्या घड्याळाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

प्रेषितांच्या कृत्यांत ‘धैर्य’ म्हणून येणारा मूळ ग्रीक शब्द पॅरेसिया. नगरसभेत नागरिकाने आडपडदा न ठेवता बोलणं, असा त्याचा अर्थ. पेत्र-योहानाच्या मंडळीने ते मागितलं ते धर्मसभेने दोघांना धमकावून सोडल्यावर. तोंड सत्तेकडे होतं, शेजाऱ्याकडे नव्हे. पुढची अठरा शतकं मी सोडून देतो. १८४५ मध्ये मिशनरी हिस्लॉप नागपुरात आले, १८५४ मध्ये लेखक बाबा पदमनजींनी बाप्तिस्मा घेतला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच सुमाराला नागपूरच्या भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. आता उपदेशकाचा आणि राज्यकर्त्याचा धर्म एकच होता, आणि धैर्य कुणासमोर, हे विचारायचं राहून गेलं.

शिबिरांत हमखास सांगतात ती गोष्ट कवी नारायण वामन टिळकांची. १८९३, नागपूरहून राजनांदगावला जाणारी गाडी, डब्यात एक अनोळखी साहेब. त्याने नवा करार हातात ठेवला, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत ते खरं ठरलं. बघा, एक माणूस न घाबरता बोलला! पण त्या साहेबाला घाबरायचं होतं तरी कशाला? राज्य त्याचंच. त्याने केलं ते वेगळंच : नेटिव्ह माणसाला सरकून जागा दिली, गप्पा मारल्या, पुस्तक वाचण्याचं वचन घेतलं आणि निघून गेला. त्याचं नावही टिळकांना कळलं नाही. त्याच्याकडे घड्याळ असेल, पण ते टिळकांवर लावलेलं नव्हतं.

भीती होती ती टिळकांना, आणि ती पत्नी लक्ष्मीबाईंची. त्यांना न सांगता बाप्तिस्मा घेतला, याला मी धैर्य म्हणणार नाही. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचलेल्यांना पुढची ताटातूट माहीत आहे. त्या परतल्या तेव्हा सोवळं घेऊनच परतल्या. एका घरात दोन चुली, पाणी वेगळं. जगाला शुभवर्तमान सांगणारा हा कवी स्वतःच्या स्वयंपाकघरात थांबून राहिला. १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो त्यांचं त्यांना पटल्यावर.

टिळकांचं धैर्य मला दिसतं ते १९१७ मध्ये. मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा. याला कुणी कवीचा लहरीपणा म्हणतं, कुणी मवाळपणा. मला तो पुन्हा पेत्राचा पॅरेसिया वाटतो, कारण या वेळी तोंड आपल्याच सत्तेकडे होतं.

दुसऱ्या, म्हणजे ऐकणाऱ्याच्या, बाजूलाही भीती असते, हे नागपूरकराला वेगळं सांगायला नको. निवृत्त न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या समितीचा मिशनऱ्यांवरचा अहवाल १९५६ चा, नागपूर मध्य प्रदेशची राजधानी असतानाचा. त्याचे निष्कर्ष मला मान्य नाहीत. पण त्यातली धर्मांतराची भीती खोटी होती असं म्हणून मला मोकळं होता येत नाही.

शिबिरानंतर चहा घेताना नर्सबाईंना विचारलं, नेमकं कशाला घाबरलात? बशीत चहा ओतत त्या म्हणाल्या, ‘लोकांना नाही हो. समोरच्या बाईला वाटेल, मी तिचं काही न्यायला आले, याला.’